कातळ वाचत वाचत: नाणेघाट ते लोणार, आठवडाभराची गाडीवाट

माझे मामा विहिरी खोदायचे. सुरुंग भरण्याआधी ते खड्ड्यात उतरत, भिंतीवरून हात फिरवत आणि वर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सांगत, "इथवर मुरूम आहे. खाली मांजऱ्या लागेल, त्याखाली गेरूचा पट्टा. पाणी आलंच तर गेरूच्या डोक्यावर येईल." पुढे कितीतरी वर्षांनी अजिंठ्याच्या कड्यासमोर उभी असताना मला तोच क्रम दिसला. वर घट्ट काळा पाषाण, मध्ये भोकाभोकांचा मांजऱ्या, खाली लाल रेघ. लेणी कुठे खोदायची हे ठरवणाऱ्यांनीही मामांसारखाच आधी कातळावर हात फिरवला असणार, असं त्या दिवशी मनात आलं.

त्यानंतर मी ही सहल तीनदा केली, एकदा आईला घेऊन. पुण्याहून निघायचं, जुन्नर, निघोज, देवगिरी, वेरूळ, अजिंठा करत लोणारला पोचायचं आणि सिंदखेडराजावरून परत यायचं. सगळं मिळून अकराशे किलोमीटरच्या आसपास होतं. लेणी, किल्ले, देवळं यांची ओढ असलेल्यांना ही ठिकाणं नवी नाहीत. माझं सांगणं एवढंच आहे की ती सुटी सुटी पाहू नका. ही सगळी एकाच ज्वालामुखी खडकात घडलेली आहेत, आणि तो खडक वाचता आला तर प्रत्येक ठिकाण तिथेच का आहे हे आपसूक उलगडत जातं.

निघण्याआधी: चार खुणा ओळखायला शिका

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुढचा लोंढा आला, मग त्यावर आणखी एक. डोक्यावर तोंड असलेला शंकूसारखा डोंगर या वाटेवर शोधू नका, तो सापडणार नाही. इथे थर आहेत. आज उरलेला त्यांचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीकडे लांबून पाहिलं की तो का दिला हे कळतं.

पहिली खूण हीच पायरी. लाव्हाच्या थराचा घट्ट भाग झिजत नाही, तिथे उभा कडा राहतो. थराचा वरचा, सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे उतार आणि सपाटी तयार होते. गडाची माची म्हणजे बहुतेक वेळा अशी एक पायरी, आणि बालेकिल्ला म्हणजे तिच्यावरची पुढची. किल्ला बांधणाऱ्यांनी तटाचं निम्मं काम लाव्हाकडून करून घेतलं आहे.

दुसरी खूण मांजऱ्या खडकाची. लाव्हा थिजताना त्यातला वायू बाहेर पडू पाहतो आणि बुडबुड्यांची भोकं राहतात. नंतर झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं त्यांत साठतात. काळ्या दगडात पांढरे, हिरवट ठिपके दिसले तर ते हेच. कधी त्यात गारगोटी असते, कधी झिओलाइट या खनिजाचे पंख्यासारखे स्फटिक.

तिसरी गेरूची. दोन लोंढ्यांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला की खालच्या थराचा माथा कुजून माती होते आणि पुढचा लाव्हा तिच्यावर येऊन पडतो. तिचा विटेच्या रंगाचा पट्टा होतो. या पट्ट्यातून पाणी सहसा खाली जात नाही, त्यामुळे त्याच्या वर झरे आणि पाझर फुटतात. मामांचं गणित हेच होतं, आणि गडावर पाण्याची टाकी खोदणाऱ्यांनाही अशी जागा ओळखता येत असणार.

चौथी खूण म्हणजे सांधे. थंड होताना खडक आकसतो आणि त्याला चिरा जातात. सांधे विरळ असतील तर मोठं दालन खोदता येतं. दाट असतील तर छत टिकत नाही आणि पावसाळ्यात भिंती पाझरतात.

या चार गोष्टी मुलांना गाडीत बसल्या बसल्या सांगा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे त्यांना त्या लगेच दिसतील. माझ्या भाचीने माळशेजच्या बाजूला दर वळणावर गेरूच्या रेघा मोजल्या होत्या.

वार आणि ऋतू

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. एवढं एक विसरलं तर आखणी कोसळते, म्हणून मी सोमवारी सकाळी निघायला सांगते. तसं केलं की गुरुवारी वेरूळ येतं आणि शुक्रवारी अजिंठा. शनिवार-रविवारची गर्दीही टळते.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाणेघाट आणि अजिंठ्याची दरी डोळ्यांचं पारणं फेडते हे खरं आहे, पण निघोजला त्या दिवसांत कुकडी नदीला पाणी असतं आणि तिने कातळात कोरलेल्या रांजणखळग्यांजवळ जाणं जिवावर बेतू शकतं. शिवाय ओल्या कातळावर शेवाळ असतं. मार्चनंतर देवगिरीचा कातळ इतका तापतो की दुपारी हात लावून चढणं अवघड होतं.

सामानात नेहमीच्या गोष्टींशिवाय तीन हव्यातच: चांगली विजेरी, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आणि चढ-उतारावर न घसरणारे बूट. पुरातत्त्व खात्याची तिकिटं खिडकीवर मिळतात आणि ऑनलाइनही काढता येतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मोबाइलला रेंज नसेल तेव्हासाठी नकाशा आधीच उतरवून ठेवा. अत्तर, डिओडरंट टाळा आणि कड्याखाली धूर तर मुळीच करू नका. शिवनेरी, अजिंठा अशा ठिकाणी कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात आणि माश्या उठल्या की पळायला जागा नसते.

एक विनंती इथेच करते. स्फटिक दिसला की तो काढून न्यायचा मोह होतो. संरक्षित स्मारकात आणि अभयारण्यात एक खडाही उचलायचा नाही. झिओलाइट डोळे भरून पाहायचे असतील तर सिन्नरला 'गारगोटी' हे खनिजांचं संग्रहालय आहे. नाशिकहून येणाऱ्यांनी ते आणि सिन्नरचंच गोंदेश्वराचं यादवकालीन मंदिर करून मग पुढच्या वाटेला लागावं.

सोमवार: लेण्याद्री आणि नाणेघाट

पुण्याहून सहाला निघा. चाकणची कोंडी त्यानंतर वाढत जाते. नारायणगावला नाश्ता करून नऊच्या सुमारास लेण्याद्रीच्या पायथ्याला पोचता येतं. जुन्नरच्या परिसरातल्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. एवढी लेणी एका गावाभोवती का, याचं उत्तर दुपारी नाणेघाटात मिळेल.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, ती दर तीस पायऱ्यांनी थांबत चढली. डोलीचीही सोय असते. वर अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज ज्या दालनात आहे ते मुळातलं बौद्ध लेणं, क्रमांक ७. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका, मान वर करून छत पाहा. पन्नास फुटांच्या आसपास लांब-रुंद सभामंडप आहे आणि मध्ये एकही खांब नाही. इतकं रुंद छत विनाआधार तोलून धरायचं तर कातळ एकसंध हवा, सांधे विरळ हवेत. खोदणाऱ्यांना हा थर सापडला आणि त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. शेजारचं सहा क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, तेही पाहून घ्या.

जेवणात जुन्नरची मासवडी मिळाली तर सोडू नका. बेसनाची वडी आणि झणझणीत रस्सा, मासा नावापुरताच.

दुपारी नाणेघाटाच्या वाटेला लागा. वाटेत पूर गावी कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, कुकडी नदीचा उगम तिथे मानतात. इथे थांबाच, कारण उद्या आपण याच नदीच्या काठाकाठाने खाली जाणार आहोत.

नाणेघाट म्हणजे कोकणातल्या कल्याण, सोपारा या बंदरांतून जुन्नरला येणारी सातवाहनकाळातली व्यापारी वाट. गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते. तिथे एक मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं लोक सांगतात. घळीतून थोडं खाली उतरलं की गुहा लागते आणि तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे. भारतातले अंकलेखनाचे फार जुने नमुने म्हणून अभ्यासक त्याच्याकडे पाहतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या, आता पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरली आहेत. अक्षरांना हात लावू नका. विजेरी बाजूने तिरपी धरा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

घळीतून वर आलात की 'नानाचा अंगठा' म्हणतात त्या कड्याच्या टोकावर जा, पण कड्यापासून चांगलं अंतर ठेवून बसा. समोर जीवधन किल्ला आणि त्याच्या अंगाचा वानरलिंगीचा सुळका. इथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण. कड्याच्या पोटात आडवे थर मोजता येतात, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे. हे चित्र नीट मनात ठेवा. शेवटच्या दिवशी लागेल.

मुक्काम जुन्नर.

मंगळवार: शिवनेरी, बोरी आणि निघोज

शिवनेरी सकाळी सातलाच चढायला घ्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे. सात दरवाजांची वाट सोपी, बांधीव आहे. शिवाई देवीचं दर्शन घेऊन वर गेल्यावर जन्मस्थानाची इमारत येते. माझा पाय मात्र प्रत्येक वेळी गंगा-जमुना टाक्यांपाशी अडतो. कातळात खोदलेली, थंडगार, आणि हिवाळ्यातही पाणी असलेली. गडाला वेढा पडला तर तोफेइतकंच महत्त्व पाण्याला असतं. चढता-उतरता कड्याच्या पोटातली बौद्ध लेणीही दिसतात. व्यापारी, भिक्षू आणि किल्लेदार, तिघांनाही हाच डोंगर हवासा वाटला.

आता कुकडीच्या काठाने पूर्वेकडे. नारायणगावच्या परिसरात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या तबकड्या लांबूनच दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३०. पुढे बोरी बुद्रुक गावाजवळ नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. ही राख दख्खनच्या लाव्हाची नव्हे, त्याच्या मानाने ती अगदी कालची. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्याच्याशी अनेक अभ्यासक ती जोडतात. तिच्या वयावर मात्र एकमत झालेलं नाही. याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडल्यामुळे या वादाला महत्त्व आहे. थर पाहण्यासाठी गावात विचारूनच नदीत उतरा. वाट शेतांमधून जाते, आणि काठ उकरू नका.

दुपारी चारपर्यंत निघोज गाठा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, मळगंगेच्या मंदिरापाशी कुकडीने काळ्या कातळात जे केलं आहे ते छायाचित्रात मावत नाही. रांजण, हंडे, घंगाळी ठेवावीत तसे शेकडो खोल खळगे. पुराच्या पाण्यातला गोटा एखाद्या खाचेत अडकतो, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतो आणि खालचा दगड कुरतडत जातो. तो झिजून संपला की दुसरा गोटा येतो. कोरड्या खळग्याच्या तळाशी हे गुळगुळीत गोटे आजही दिसतात. जात्यातला खुंटा आणि दळण एकाच जागी पाहिल्यासारखं वाटतं.

इथे काळजीचे तीन शब्द. खळग्यांच्या कडा घोटून गुळगुळीत झाल्या आहेत, त्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही. पाणी शांत दिसलं तरी खोली कळत नाही, उतरायचं नाही. वर धरणं आहेत, पाणी सोडल्याचं गावकरी सांगत असतील तर तिथूनच मागे फिरायचं.

उजेड असेपर्यंत वाडेगव्हाणमार्गे पुणे रस्त्याला लागा आणि अहिल्यानगरला मुक्काम करा.

बुधवार: नेवासे आणि देवगिरी

छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर नेवासे फाट्याला आत वळा. कातळाच्या सहलीत हे का, असं कुणी विचारेल. प्रवरेकाठी जो पैस खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो दगडीच आहे. आपली भाषा जिथे इतकी उंच गेली त्या दगडाला हात लावल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अर्धा तास पुरतो.

शहरात जेवून दोनपर्यंत देवगिरीला पोचा. शहरापासून पंधरा किलोमीटर. यादव राजा पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस ही राजधानी वसवली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी इथवर आला आणि १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली, दौलताबाद हे नाव तेव्हापासून. चांद मिनार १५ व्या शतकातला, साठ मीटरहून उंच. आई त्याच्या सावलीत बसून राहिली आणि आम्ही वर गेलो. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी असंच करावं, खालचा भाग, भारतमाता मंदिर आणि हत्ती हौद एवढ्यातही दीड तास सहज जातो.

वर जाणाऱ्यांनी खंदकापाशी थांबावं. सुमारे २०० मीटर उंच सुळक्यासारखा डोंगर, आणि त्याच्या तळाची बाजू माणसांनी छिन्नीने तासून उभी केलेली. निसर्गाने दिलेला कडा पुरेसा वाटला नाही, म्हणून तो सरळ केला. तासलेल्या भिंतीवर मांजऱ्याचे ठिपके आणि छिन्नीचे घाव शेजारी शेजारी दिसतात. त्यानंतर अंधारी, कातळ पोखरून काढलेला वळणावळणांचा काळोखा मार्ग. विजेरी इथेच लागते. वटवाघळांचा दर्प तीव्र असतो, दम्याचा त्रास असलेल्यांनी नाकावर रुमाल बांधावा. बारादरीपर्यंत जाऊन खाली यायला अडीच तास धरा.

हिवाळ्याच्या सुरुवातीला गेटाबाहेर दौलताबादची सीताफळं विकायला असतात. मुक्काम खुलताबाद किंवा वेरूळला करा, शहरात नको. सकाळचा एक तास वाचतो. खुलताबादचा खाजाही चाखून पाहा.

गुरुवार: वेरूळ, पूर्ण दिवस

दोन तासांत वेरूळ उरकणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. इथे पूर्ण दिवस द्या. पाहण्यासाठी क्रमांक घातलेली ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन.

सकाळी फाटक उघडताच कैलासात शिरू नका. आधी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढा आणि कैलास वरून पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. कारागिरांनी डोंगराच्या उतरत्या माथ्यावर तीन बाजूंनी चर खणले, मधला प्रचंड ठोकळा मोकळा केला आणि कळसापासून खाली येत मंदिर कोरलं. मागचा चर सुमारे ३० मीटर खोल आहे. वरून पाहताना हा क्रम डोळ्यांसमोर घडतो. चुकलेला दगड परत लावायची सोय नव्हती. खाली कुठे भेग निघेल, कुठे सच्छिद्र थर लागेल हे वर बसून कुणालाच दिसत नव्हतं. आणि तरीही खाली पोचल्यावर हत्ती नेमके पायथ्याशी उभे आहेत. कठड्याजवळ वाऱ्याचा भरवसा नसतो, मुलांचा हात धरून ठेवा.

मग खाली येऊन कैलासात तास-दीड तास. परिसराच्या भिंतींकडे पाहिलंत तर थरातला बदल आणि पाझराचे काळे ओघळ दिसतील. त्यानंतर दक्षिणेकडे दहावं लेणं, विश्वकर्मा. त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. लाकडात शिकलेली विद्या दगडात उतरवली, म्हणूनच लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. बाराव्या लेण्याचे तीन मजले बाहेरून अगदी साधे दिसतात, वरपर्यंत चढा.

ऊन असेल तेव्हा जेवून घ्या आणि घृष्णेश्वराला जाऊन या. सध्याचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. तीननंतर परत या, कारण लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत आणि उतरतं ऊन तेव्हा आत शिरतं. सकाळी काळोखात राहिलेली शिल्पं संध्याकाळी उजळतात. जैन लेणी थोडी लांब आहेत, तिकडे जायला बस असते. बत्तीसावी इंद्रसभा सुंदर आहेच, पण तिसावं, छोटा कैलास, अर्धवट सोडलेलं आहे आणि शिकण्यासारखं त्यातच जास्त आहे.

एक दिवस जास्त असेल तर कन्नडच्या बाजूला गौताळा अभयारण्यात पितळखोऱ्याची लेणी पाहा. इसवीसनापूर्वीची, अतिशय देखणी, आणि बरीचशी ढासळलेली. कातळ साथ देत नसेल तर काय होतं हे तिथे समजतं.

शुक्रवार: अजिंठा

फुलंब्री, सिल्लोडमार्गे अडीच तास. गाडी चार किलोमीटर अलीकडे फाट्यावरच ठेवावी लागते, पुढे बस. फाटक नऊला उघडतं, पहिल्या बसमध्ये बसा.

वाघोरा नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलं आहे आणि त्या कड्यात ३० लेणी आहेत. ९, १०, १२, १३ आणि १५ अ ही इसवीसनापूर्वीची. बाकीची मुख्यतः पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. १६ व्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीला आला असता त्याला समोरच्या टेकडीवरून लेणी दिसली. आसपासच्या गावकऱ्यांना मात्र ती ठाऊक होतीच.

रंगचित्रांसाठी १, २, १६, १७ ही लेणी. एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. फ्लॅश चालत नाही. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की चित्रं भिंतीतून पुढे येतात. मग भिंग न काढता, लांबूनच, जिथे गिलावा उडाला आहे तिथे पाहा. खाली खडबडीत कातळ, त्यावर भुसा-शेण घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. मांजऱ्याच्या भोकांमुळे आणि छिन्नीच्या खडबडीतपणामुळे गिलाव्याला पकड मिळते. पण त्याच खडकाच्या सांध्यांतून पावसाचं पाणी झिरपतं आणि गिलावा सुटतो. जपणूक करणाऱ्यांची सगळी लढाई या पाण्याशी आहे. निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. नाणेघाटासारख्या वाटांवरून काय काय येत होतं, याचा अंदाज इथे येतो.

२४ वं लेणं अपुरं आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून पुढे जातात. तुम्ही आत डोकवा. छत आधी, मग खांब सुटे करत करत जमिनीकडे, असा कामाचा क्रम तिथे गोठून राहिला आहे. त्यानंतर २६ व्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, सात मीटर लांब. शेवटी पूल ओलांडून पलीकडच्या बाजूने कडा पाहा आणि चार खुणा शोधा. चालवत नसेल तर इथेही डोली मिळते.

मुक्काम फर्दापूर किंवा अजिंठा गावाच्या परिसरात.

शनिवार आणि रविवार: लोणार

बुलढाणा, चिखली, मेहकर करत चार-पाच तासांत लोणार. दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहा. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर, तारकाकृती तळाचं आणि बाहेरून शिल्पांनी भरलेलं. संध्याकाळी सरोवराच्या काठावर, गोमुखाच्या धारेपाशी जा. विवरात उतरणं रविवारी पहाटेवर ठेवा.

लोणार हा ज्वालामुखी नाही. पूर्वी तसं मानत असत आणि गाडीत अजूनही कुणीतरी तसं म्हणतंच. अवकाशातून आलेला पाषाण इथे बेसाल्टवर, म्हणजे याच काळ्या लाव्हाखडकावर, आदळला आणि १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी मस्केलिनाइट ही काच इथल्या खडकात सापडली आहे. वयाबद्दल आधी सुमारे ५० हजार वर्षं म्हणत, पुढच्या मापनातून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं असं आलं. बेसाल्टमधली अशी ठळक आघातविवरं पृथ्वीवर विरळा, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारेही इथे येतात.

पण हे सारं कुणी सांगितलं म्हणून मानू नका. विवराच्या काठाशी कातळाचे थर नीट पाहा. नाणेघाटात भाकरींसारखे आडवे होते, शिवनेरीवर, देवगिरीवर, अजिंठ्यातही आडवेच होते. इथे काठाजवळ ते वर उचलले गेले आहेत, बाहेरच्या बाजूला कललेले. खालून तडाखा बसून भिंत उलटावी तसे. आठवडाभर आडवे थर पाहून डोळा तयार झालेला असतो, म्हणूनच हा तिरपेपणा लगेच खुपतो. ही सहल लोणारपासून सुरू करू नका असं मी सांगते ते यासाठी.

पहाटे वनविभागाचे नियम विचारून, वाटाड्या घेऊन उतरा. जाऊन-येऊन तीन तास, माणशी दोन लिटर पाणी. झाडीत जुनी मंदिरं आहेत, तळाशी कमळजा देवी. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे, त्यात हात-पाय घालू नका. जुन्या काळी इथून दल्ला, पापडी, भुसकी अशा नावांचे क्षार काढत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं सांगितलं. त्याच वर्षी सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत आलं. काठाच्या झाडीत मोर हमखास दिसतात.

दहाच्या आत वर या आणि सिंदखेडराजाला निघा. लखुजी जाधवांचा वाडा, १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला ती जागा, आणि लखुजीरावांची भव्य समाधी. मंगळवारी सकाळी आपण त्यांच्या बाळंतपणाच्या गडावर होतो, आज माहेरी आलो. आई वाड्याच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसली होती.

पुढे जालन्यावरून जुन्या रस्त्याने जा किंवा समृद्धी महामार्गावर चढा. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. चढण्याआधी टायरमधली हवा आणि टायरची झीज तपासा, काँक्रीटवर सलग वेगात जुने टायर फुटतात. पुण्यापर्यंत एका दमात जायचा हट्ट नको. रविवारी संभाजीनगरला झोपा आणि सोमवारी सकाळी निघा. जालन्याची मोसंबी मिळाली तर वाटेसाठी घेऊन ठेवा.